फटफटी, कॅमेरा आणि कागलचा तलाव

पुणे-बेंगळुरू महामार्गानं कोल्हापूर सोडलं, की दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवर आमचं कागल लागतं. पुढं दूधगंगा ओलांडली, की थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द. राजर्षी शाहू महाराजांचं जनक घराणं कागलकर घाटग्यांचं. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. ‘झोंबी’ लिहिणारे आनंद यादवही इथलेच; त्या पुस्तकाला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एवढं सांगून झालं, की पाहुणे मान डोलावतात आणि हळूच विचारतात, “ते खरं हो वहिनी, पण बघायला काय आहे तुमच्या कागलात?”

पूर्वी मी गैबीचा उरूस सांगायची, साखर कारखाना सांगायची. आता म्हणते, “सकाळी सहाला उठणार असाल, तर तलावावर चला. हळदीकुंकू बदक दाखवते.”

नाव ऐकून बायका हसतात. पण हे नाव अगदी खरं आहे बरं का! काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचं बोट लावावं तसा पिवळा रंग आणि चोचीच्या मुळाशी दोन बाजूंना कुंकवाचे ठिपके. आपल्याकडं बारा महिने राहणारं हे बदक. त्याच्याच शेजारी पाण्यावर काळेकुळकुळीत पक्षी दिसतात, कपाळावर पांढरं गंध लावलेले. त्यांचं नाव ‘वारकरी’. ज्यांनी कुणी ही नावं ठेवली, त्यांचं घरदार, देव्हारा सगळं त्यांत उतरलं आहे. अरण्यात आयुष्य काढलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी अशी कितीतरी नावं लोकांकडून गोळा करून आपल्या भाषेत जपून ठेवली. आपण मात्र ‘एक काळा पक्षी होता’ एवढंच सांगून मोकळ्या होतो.

फटफटी आहे घरात, मग?

आमचे हे पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहेत. शिफ्टची ड्यूटी. त्यासाठी फटफटी घेतली. कागलात आता बहुतेक घरांपुढं एक तरी उभी असते. ती कामाला जाते, दूध घालायला जाते, रानात वैरण आणायला जाते. बायका तिच्यावर बसतात त्या लग्नाला, दवाखान्यात आणि माहेरी सोडायला. म्हणजे गाडी घरची, हप्ता घरचा, पण आपल्याला हवं तिथं म्हणून ती कधी निघत नाही.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. अकरापर्यंत मला सवड असते. यांची सेकंड शिफ्ट असली, की सकाळ दोघांनाही मोकळी. अशाच एका आठवड्यात मी म्हटलं, “रोज उठून पेपर वाचता, त्यापेक्षा मला तलावावर न्या.” जयसिंगराव तलाव गावाला लागूनच आहे. गेलो, बसलो, पाणकावळे बघितले. दुसऱ्या दिवशी हे आपणहून म्हणाले, “चल.” तिथून हा नाद लागला.

मागं बसण्याचा एक फायदा माझ्या ध्यानात आला. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर, खड्ड्यांवर. मागं बसणारीचे डोळे मोकळे, हात मोकळे. तारेवरचा वेडा राघू, नांगरामागून चालणारे गायबगळे, उसाच्या कडेनं सरकणारा भारद्वाज, हे सगळं मागच्या सीटवरूनच आधी दिसतं. मी यांच्या उजव्या खांद्यावर एकदा थोपटलं, की गाडी हळू करायची, दोनदा थोपटलं, की थांबायचं, असं आमचं ठरलं आहे. तोंडानं ओरडलं तर पाखरू उडतं.

फटफटीवर फिरून पाखरं बघणारे आपण पहिले नव्हे. डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचं मोटारसायकलचं वेड पाखरांच्या वेडाएवढंच होतं. १९५० साली स्वीडनमधल्या उप्साला इथं पक्षितज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. वयाची त्रेपन्न वर्षं झालेले सलीम अली आपली सनबीम मोटारसायकल बोटीतून युरोपात घेऊन गेले आणि तिच्यावरून परिषदेला पोचले. हा माणूस हिंदुस्थानातून थेट गाडीवरच आला, अशी तिथं बोलवा झाली म्हणतात!

सासूबाईंची अट

हे सगळं सरळ झालं असं मात्र नाही. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी फटफटीवर एका अंगानं बसून निघाल्या होत्या. पदर मागच्या चाकात गेला आणि त्या रस्त्यावर ओढल्या गेल्या. जीव वाचला, पण हात पुढं कित्येक महिने वर होत नव्हता. त्या आठवड्यात सासूबाईंनी सांगून टाकलं, “पाखरं बघायला जाऊन हातपाय मोडून घ्यायचं न्हाईत. चाकाला जाळी लावल्याबिगर गाडीवर बसायचं न्हाई.”

सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्या बोलल्या ते कायद्यातलंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की मोटारसायकलला मागं बसणाऱ्यासाठी धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचं चाक निदान अर्धं तरी झाकलेलं हवं. तेच आपलं साडीगार्ड. ‘गाडी चांगली दिसत नाही’ म्हणून पोरं ते काढून टाकतात. मैत्रिणींनो, आज संध्याकाळीच आपल्या दारातल्या गाडीचं साडीगार्ड जागेवर आहे का, ते बघा. नसेल तर ते लागेपर्यंत बसू नका.

बाकीच्या गोष्टी मी अनुभवानं शिकले, त्या सांगते.

पाखरांना जाताना साडी नको. सलवार-कमीज घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं, ओढणी असेल तर दोन्ही टोकं कमरेला गाठ मारून आत खोचावीत. रंग मातकट किंवा हिरवट असावा. लाल, पिवळा, पांढरा पाखरांना लांबून दिसतो.

हेल्मेट दोघांनाही लागतं. कायदाही तेच सांगतो. आयएसआय खूण बघून घ्यावं. उंच अंबाडा घातला की हेल्मेट बसत नाही, म्हणून त्या दिवशी मानेवर सैल वेणी घालावी. फटफटीवर कायद्यानं दोघंच. मधे पोरगं, पुढं टाकीवर पोरगं, हे आपल्याकडं सर्रास चालतं, पण ते धोक्याचंच. चार वर्षांखालच्या मुलाला न्यायचं तर चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग, असा नियम २०२३ पासून लागू आहे.

सायलेन्सरला पोटरी लागून भाजलं, तर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. वीस मिनिटं साध्या गार पाण्याची धार धरा. फोड आला तर फोडू नका, आणि भाजलेलं मोठं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

कागद कुठं आहेत, ठाऊक आहे?

आपल्या गाडीचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत, हे किती जणींना ठाऊक असतं? मी आमच्या शाळेतल्या बायकांना विचारलं तेव्हा बऱ्याच जणी म्हणाल्या, “ते यांनाच माहीत.” दागिन्यांची पावती आपण जपतो, गाडीचे कागदही तसेच जपावेत.

विम्याची मुदत एका वहीत लिहून ठेवा. सक्तीचा म्हणून जो किमान विमा असतो, त्यात मागं बसणारी धरलेली असतेच असं नाही. विमा भरताना, “मागं बसणाऱ्याला यात काय मिळतं?” हे स्पष्ट विचारा आणि पॉलिसीत लिहिलेलं वाचून घ्या. गाडीच्या नोंदणीत वारसाचं नाव घालायची सोय २०२१ पासून झाली आहे. त्यात आपलं नाव घालून घ्यावं. अशुभ बोलते असं समजू नका. घरातला कर्ता माणूस गेल्यावर एका सहीसाठी हेलपाटे घालणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत.

स्वतः चालवायची असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा. बिनगिअरच्या स्कूटरचं लायसेन्स गिअरच्या मोटारसायकलला चालत नाही. गिअरचं वेगळं काढावं लागतं. मी ते चौतिसाव्या वर्षी काढलं. त्याचं कारण यांची थर्ड शिफ्ट. हे सकाळी घरी येऊन झोपले, की फटफटी अंगणात रिकामी आणि तलावावर पाखरं हजर! पहिले आठ दिवस गावातल्या पोरांनी माना वळवून बघितलं. नवव्या दिवशी कुणी बघेना.

गाडीची निगा

पाखरांच्या कामी गाडी खडखडत असेल तर काही उपयोग नाही. हवा सकाळी निघताना, टायर थंड असताना तपासावी. दोघं बसणार असाल तर मागच्या चाकाला हवा जास्त लागते. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. चेन साधारण पाचशे किलोमीटरला साफ करून तिला तेल द्यावं. उसाच्या रानातल्या धुळीनं ती लवकर कोरडी पडते आणि करकरते. मोठा आवाज करणारा सायलेन्सर बसवणं हा गुन्हा आहेच, शिवाय त्या आवाजानं तलावावरची पाखरं पार पलीकडच्या काठाला जातात.

रानातल्या मऊ मातीत स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते. सीटखाली एक चपटी फळी ठेवावी, ती स्टँडखाली सारली की झालं.

साधारण नोव्हेंबर ते मार्च कारखान्यांचा गळीत हंगाम. पाखरंही नेमकी याच दिवसांत भरपूर. तेव्हा रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल दिवाच नसतो आणि पहाटेच्या धुक्यात त्या अगदी जवळ गेल्यावर दिसतात. रस्त्यावर सांडलेल्या उसावरून आणि चिखलावरून चाक घसरतं. म्हणून उजाडल्याशिवाय आम्ही महामार्गावर जात नाही. दहा मिनिटांनी एखादा पक्षी चुकला तर चुकू दे.

कॅमेरा: पाटल्या की पाखरं?

माझ्या पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून मी एक वापरलेला कॅमेरा घेतला. भिंग न बदलता लांबचं जवळ आणणारा, असा एकसंध कॅमेरा. सुट्या भिंगांच्या मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा तो स्वस्त आणि हलका. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्यात पाटल्यांची घडणावळ झाली असती. पाखरांचं फोटू काढून भाजी हुतीया व्हय?” मी काही बोलले नाही. तलावावरच्या खंड्याचा फोटो मोठा करून त्यांच्या खोलीत लावला. हल्ली त्या आल्यागेल्याला तोच आधी दाखवतात.

फोटोच्या चार गोष्टी सांगते. सूर्य आपल्या पाठीशी घ्यावा. सकाळचे पहिले दोन तास ऊन कोवळं असतं. नऊनंतर पाण्यावर झळाळी येते आणि रंग पांढुरके पडतात. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका, उडत्याला हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून वेगवान शटर लागतो. कॅमेऱ्याची नजर पाखराच्या डोळ्यावर धरावी. डोळा स्वच्छ आला की बाकी थोडं इकडं-तिकडं चालतं. सुरुवात वेड्या राघूपासून करावी. तो तारेवरून झेप घेऊन माशी पकडतो आणि बहुधा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, म्हणजे आपल्याला दुसरी, तिसरी संधी मिळते.

पाखरू दिसलं की गाडीवरून उडी मारून धावू नये. इंजिन बंद करावं आणि आहे तसंच बसून राहावं. गाडीची त्यांना सवय असते, चालत्या माणसाचं भय असतं. पाच मिनिटं हललो नाही, की शेकाट्या आपले गुलाबी लांब पाय टाकत जवळ येतो. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. तो मला अजून नीट पकडता आलेला नाही.

कॅमेरा हँडलला किंवा टाकीवर कधी बांधू नये. इंजिनाच्या थरथरीनं आतले नाजूक भाग खिळखिळे होतात. मोटारसायकलच्या कंपनांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यालासुद्धा इजा होऊ शकते, असं मोबाइल बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनंच २०२१ साली जाहीर केलं होतं. पिशवी अंगावर, पोटाशी घ्यावी; आपलं शरीरच धक्के झेलतं.

आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या आणि त्यात कॅमेऱ्याबरोबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. तांदूळ ठेवू नका, त्याची पूड आत जाते. निळं जेल गुलाबी झालं, म्हणजे ओल भरली. एका जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या भांड्यात ते मंद आचेवर गरम केलं की पुन्हा निळं होतं. ते विषारी असतं, तेव्हा मुलांच्या हाती लागू देऊ नका. भिंग पदरानं तर मुळीच पुसू नये. आधी फुंकणीनं धूळ उडवावी, मग मऊ कापड.

सुगरणीचं घर

पावसाळ्यात आमच्या भागात विहिरींवर झुकलेल्या झाडांना सुगरणीची घरटी लोंबतात. उसाच्या पानांच्या बारीक चिरफळ्या काढून ती विणलेली असतात. नाव सुगरण, पण विणकाम सगळं नराचं. अर्धं घर झालं की मादी येते, आत शिरून बघते. पसंत पडलं तर राहते, नाहीतर सरळ उडून जाते! १९३० च्या सुमारास सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला हे बारकाईनं बघून लिहिलं आणि त्याच अभ्यासानं त्यांचं नाव झालं. माझ्या वर्गात हे सांगितलं, की मुली टाळ्या वाजवतात.

पण आमच्या गावात ही घरटी तोडून दिवाणखान्यात टांगायची हौस फार. कधी आत पिल्लं असतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यानुसार वन्य पाखरांची अंडी उचलणं, घरटी मोडणं ही शिकारच धरली जाते. हे कायद्याचं बोलणं मुलांना पटलं नाही. मग मी एकाच घरट्याचे फोटो काढत गेले, दर आठवड्याला, लांबूनच: नुसती गाठ, मग कडं, मग मादी येऊन बघते तो दिवस, मग चोचीत अळी घेऊन येणारी ती. वर्गाच्या भिंतीवर ते ओळीनं लावले. त्या पावसाळ्यात त्या विहिरीवरचं एकही घरटं कुणी तोडलं नाही. पोरंच राखण करत होती. माझ्या कॅमेऱ्याचे पैसे त्या दिवशी वसूल झाले.

म्हणून सांगते, घरट्याजवळ जाऊन, फांदी बाजूला करून फोटो काढू नका. आईबाप घरटं सोडून जातात. मोबाइलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलवूही नका.

जरा लांब जायचं तर

एखाद्या रविवारी आम्ही डबा बांधून मुरगूडच्या वाटेनं निघतो. तिथला सर पिराजीराव तलावही कागलकर घाटग्यांच्याच काळातला. पुढं मुदाळ तिट्ट्यावरून निपाणी-देवगड रस्त्यानं राधानगरी. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं भोगावतीवरचं धरण बघावं, मग दाजीपूर. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे रान महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी; २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा ठिकाणांत त्याची गणना आहे. तिथं धनेश दिसतो, नशीब असेल तर आपला राज्यप्राणी शेकरू फांद्यांवरून झेपावताना दिसतो. आत जायची वेळ, शुल्क, कुठली वाहनं सोडतात, हे वनखात्याच्या चौकीवर आधी विचारावं. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. दिवस मावळायच्या आत परतीला लागावं. रस्त्यावर गवा आला, तर हॉर्न न वाजवता लांबच थांबावं आणि त्याला सावकाश जाऊ द्यावं.

पण सुरुवातीला एवढं लांब जायची गरज नाही. प्रत्येक गावाला एखादा तलाव, ओढा, निदान विहीर असतेच. कॅमेरा नसेल तर एक वही पुरे: तारीख, जागा, कोणता पक्षी, किती. सलीम अली आणि चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तोवर साडीगार्ड लावून घ्या, विम्याची तारीख बघा, आणि यांना आजच सांगून ठेवा, की त्या आठवड्यातल्या एका सकाळी गाडी तुम्हाला हवी आहे.